मायटोटेन चालू असताना आई खचत चालली आहे, गोळ्या बंद कराव्यात का?

तुम्ही कळवलेली हकिगत थोडक्यात अशी. आईला अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या डोक्यावर असणाऱ्या ग्रंथीचा, कर्करोग आहे, तो यकृतात आणि फुफ्फुसांत पसरला आहे. गाठ स्वतःच कॉर्टिसॉल, म्हणजे रक्तदाब आणि साखर सांभाळणारे संप्रेरक, बनवत होती, म्हणून सुरुवातीला चेहरा सुजलेला, रक्तदाब आणि साखर चढलेली, पोटॅशियम घसरलेले. तीन महिन्यांपासून मायटोटेन चालू आहे, केमोच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत. आता सकाळी उठल्यावर भोवळ येते, मळमळ होते, अन्न नकोसे झाले आहे, चालताना झोक जातो, साधे शब्द आठवत नाहीत. रक्तदाब ९६/६०, सोडियम कमी. मायटोटेनची पातळी १७, कॉर्टिसॉलचा रिपोर्ट ‘नॉर्मल’. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलची भरपाई करणारी गोळी, दिवसाला २० मिलिग्रॅम. रक्तदाबाचे टेल्मिसार्टन, पोटॅशियम राखणारे स्पायरोनोलॅक्टोन आणि इन्सुलिन पहिल्यापासून आहे तसेच चालू. घरातले म्हणतात, गोळ्यांनीच ही अवस्था केली, सगळ्या बंद करा.

‘सगळ्या’ हा शब्द मला सर्वात जास्त काळजीत टाकतो. मायटोटेन काही दिवस थांबवले तर फारसे बिघडत नाही. हायड्रोकॉर्टिसोन एक-दोन दिवस जरी थांबले तरी तुमच्या आईच्या जिवाला धोका आहे. या दोन गोळ्या एकाच डब्यात असतात, एकाच आजारासाठी दिल्या आहेत असे वाटते, आणि म्हणून घरोघरी त्यांची गल्लत होते. तेव्हा आधी हे पक्के करा: काहीही झाले तरी हायड्रोकॉर्टिसोन चुकवायचे नाही. आणि तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला वाटते की त्यांना ते आज अपुरे पडते आहे. उद्याची वाट न पाहता आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, त्या गुंगीत असतील किंवा उभे राहवत नसेल, तर फोन करण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्या.

असे का वाटते, ते नीट सांगतो, कारण एकदा हे समजले की पुढचे महिने तुम्हालाच पुष्कळ गोष्टी ओळखता येतील.

मायटोटेनची कुळी डीडीटी या कीटकनाशकाची. १९४९ मध्ये त्याच घराण्यातले एक रसायन कुत्र्यांना दिले असता त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा बाहेरचा थर नष्ट होतो असे दिसले. त्या निरीक्षणातून हे औषध निघाले, १९६०च्या सुमारास माणसांत वापरले गेले आणि १९७० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. म्हणजे ग्रंथीच्या पेशी मारणे हा त्याचा दुष्परिणाम नव्हे, तेच त्याचे काम आहे. पण हे काम करताना ते कर्करोगाची पेशी आणि निरोगी पेशी असा भेद करत नाही. दुसऱ्या बाजूची चांगली ग्रंथीही बंद पडते. त्यामुळे मायटोटेन व्यवस्थित लागू पडलेल्या प्रत्येक रुग्णाला कॉर्टिसॉल बाहेरून द्यावेच लागते. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे तेच कॉर्टिसॉल, गोळीच्या रूपात.

आता डोसाचा प्रश्न. इतर कारणांनी ग्रंथी निकामी झालेल्या माणसाला दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन पुरते. तुमच्या आईला २० दिले आहेत, त्यामागे बहुधा हाच हिशेब असावा. पण मायटोटेन यकृतातल्या सीवायपी-३ए४ या एन्झाइमचे काम फार वेगाने वाढवते, आणि हे एन्झाइम हायड्रोकॉर्टिसोनचा फडशा पाडते. शिवाय रक्तात कॉर्टिसॉलला धरून ठेवणारे प्रथिन मायटोटेनमुळे वाढते, त्यामुळे शरीराला वापरता येईल असे मोकळे कॉर्टिसॉल आणखी कमी उरते. म्हणून मायटोटेनवर असलेल्या रुग्णाला साधारण दुप्पट, दिवसाला ५० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त, दोन-तीन भागांत विभागून, मोठा भाग सकाळी, असे द्यावे लागते. २० मिलिग्रॅम म्हणजे अर्ध्याहूनही कमी.

मग कॉर्टिसॉल ‘नॉर्मल’ कसे आले? प्रयोगशाळेची नेहमीची तपासणी एकूण कॉर्टिसॉल मोजते, त्यात प्रथिनाला चिकटलेलेही आले. प्रथिन वाढले की आकडा फुगतो आणि माणूस मात्र तहानलेलाच राहतो. त्यातून सकाळची गोळी घेऊन रक्त दिले असेल तर यंत्राने त्या गोळीचेच मोजमाप केले असणार. मायटोटेन चालू असताना हा रिपोर्ट पाहून डोस ठरवणे धोक्याचे आहे. आम्ही पाहतो ते रुग्णाकडे: उभे राहिल्यावर रक्तदाब पडतो का, सकाळी मळमळते का, सोडियम कुठे आहे, पोटॅशियम कुठे आहे. एसीटीएच या, ग्रंथीला कॉर्टिसॉल बनवायला सांगणाऱ्या संप्रेरकाची पातळी खूप चढलेली असेल तर तिचाही थोडा आधार होतो. तुमच्या आईच्या बाबतीत रक्तदाब, सोडियम, भोवळ आणि सकाळची मळमळ चारही एकाच दिशेला बोट दाखवतात.

आणखी एक गोष्ट आठवून पाहा. केमोच्या दिवसांत उलट्या होऊ नयेत म्हणून डेक्सामेथासोन देतात, तेही स्टिरॉइडच आहे. त्या तीन-चार दिवसांत आई जरा बरी वाटली, बोलली, जेवली आणि नंतर एकदम कोसळली असे झाले का? झाले असेल तर तोही मोठा पुरावा आहे, डॉक्टरांना जरूर सांगा. केमो सोसली आणि नंतर मोडली असा त्याचा अर्थ लावला जातो, पण पुष्कळदा खरे कारण स्टिरॉइडचा आधार निघून जाणे हे असते.

तुम्ही लिहिलेली जुनी औषधे इथेच येतात. टेल्मिसार्टन आणि इन्सुलिन दिले तेव्हा गाठ कॉर्टिसॉलचा पूर सोडत होती. आता तो पूर ओसरला असेल तर तीच औषधे, त्याच डोसात, रक्तदाब आणि साखर गरजेपेक्षा खाली ओढतील. घरी ग्लुकोमीटर असेल तर पहाटे आणि जेवणाआधी साखर तपासा. भोवळ आल्यावर तर नक्की तपासा. आणि स्पायरोनोलॅक्टोनबद्दल आजच विचारा. पोटॅशियम कमी होते तेव्हा ते देण्यात तर्क होता, पण मायटोटेनबरोबर ते टाळावे असा संकेत आहे, कारण ते मायटोटेनच्या परिणामालाच अडवू शकते. शिवाय ते लघवीवाटे सोडियम घालवते, आणि आईचे सोडियम आधीच कमी आहे. कॉर्टिसॉल दाबण्यासाठी मेटायरापोन किंवा किटोकोनाझोल कधी सुरू केले होते का, तेही पाहा. मायटोटेनला पूर्ण परिणाम दाखवायला आठवडे लागतात, म्हणून अशा रुग्णांत सुरुवातीला ही झटपट काम करणारी औषधे पुष्कळदा द्यावी लागतात, नाहीतर कॉर्टिसॉलच्या अतिरेकाने संसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या होऊन माणूस कर्करोगाआधीच हातचा जाऊ शकतो. पण मायटोटेन लागू पडले की ती कमी करत बंद करायची असतात. कोणीतरी बसून पूर्ण चिठ्ठी नव्याने लिहिण्याची ही वेळ आहे.

आता झोक जाणे आणि शब्द न आठवणे. हे मात्र मला मायटोटेनचे स्वतःचे काम वाटते, निदान काही अंशी. हे औषध चरबीत विरघळते, मेंदूसारख्या चरबीयुक्त अवयवात शिरते. चालताना तोल, जीभ जड होणे, गोंधळ, विसर, सुस्ती, उदासी ही त्याची ओळखीची लक्षणे. औषधाचा फायदा दिसण्यासाठी रक्तातली पातळी १४ ते २० मिलिग्रॅम प्रति लिटर या पट्ट्यात हवी असे मानतात, आणि मज्जासंस्थेचा त्रास २०च्या वर ठळकपणे वाढतो. पण २० ही काही भिंत नाही. १७ वरही काही जणांना हा त्रास होतो. शिवाय रक्त कधी दिले ते महत्त्वाचे. शेवटची गोळी घेतल्यापासून निदान १२ तास उलटून गेल्यावर, म्हणजे सकाळची गोळी घेण्याआधी नमुना द्यायचा असतो, तसा दिला नसेल तर आकड्यावर विसंबू नका. पातळी अजून चढती असू शकते हेही लक्षात घ्या. महिन्यापूर्वी ९ होती आणि आता १७ असेल, तर त्याच डोसावर पुढच्या महिन्यात ती २०च्या पार जाईल.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे: मायटोटेन कायमचे बंद करू नका, पण आईच्या डॉक्टरांनी ते काही दिवस थांबवायचे किंवा डोस उतरवायचा ठरवले तर घाबरू नका. चरबीत साठलेले औषध फार हळू बाहेर पडते. त्याचा अर्ध-आयुष्यकाळ १८ दिवसांपासून १५९ दिवसांपर्यंत मोजला गेला आहे. त्यामुळे थोड्या खंडाने मिळवलेले सगळे वाया जात नाही. उलट बाजूही सांगतो: बंद केले म्हणून चार दिवसांत डोके स्वच्छ होईल अशी आशा ठेवू नका, त्याला आठवडे लागतात. हा त्रास बहुतेक वेळा पूर्ण भरून येतो, हे मात्र आईला स्वतःच्या तोंडाने सांगा. आपली बुद्धी कायमची गेली या भीतीने रुग्ण मनातून खचतात आणि बोलून दाखवत नाहीत. लक्षणे ओसरल्यावर कमी डोसाने पुन्हा सुरुवात करता येते. दरम्यान जिन्यावर आणि न्हाणीघरात त्यांना एकटे सोडू नका. आणि हायड्रोकॉर्टिसोन पुरेसे करूनही गोंधळ वाढत राहिला, किंवा डोके दुखून उलट्या, एका बाजूची कमजोरी असे काही दिसले, तर मेंदूचा स्कॅन करावा लागेल. सगळे खापर औषधावर फोडणेही चूकच.

थायरॉइडही तपासून घ्या. मायटोटेनमुळे फ्री टी४, म्हणजे रक्तातले मोकळे थायरॉइड संप्रेरक, उतरते आणि त्या ग्रंथीला चालना देणारे टीएसएच मात्र वर जात नाही, म्हणून नुसता टीएसएच करून ‘थायरॉइड ठीक’ असे म्हटले जाते. सुस्ती, विसर, बद्धकोष्ठता यांत त्याचा वाटा असू शकतो. पण क्रम पाळायचा: आधी कॉर्टिसॉल भरून काढायचे, मग थायरॉक्सिन. उलटे केले तर शरीराची कॉर्टिसॉलची भूक वाढते आणि अपुरा साठा एकदम संपून संकट ओढवते.

पोटाच्या तक्रारी मायटोटेनवर बहुतेक सगळ्यांनाच होतात, विशेषतः डोस चढवताना. मळमळ, जुलाब, तोंडाची चव जाणे. गोळ्या दिवसातून तीन-चार वेळा वाटून, साय-दूध किंवा चॉकलेटसारख्या स्निग्ध पदार्थाबरोबर घेतल्या तर पोटाला सोसतात आणि शोषणही वाढते. जुलाबांवर लोपेरामाइड, मळमळीवर नेहमीची औषधे चालतात. सहन न झाल्यास आधी जो डोस सोसला होता त्या पायरीवर परत यायचे. यात हार मानण्यासारखे काही नाही, हा डोस कोणालाच सरळ रेषेत चढवता येत नाही.

रिपोर्टांत जीजीटी हे यकृताचे एन्झाइम वाढलेले दिसेल, कोलेस्टेरॉल वाढलेले दिसेल. जीजीटी जवळजवळ प्रत्येकाचे वाढते, एवढ्यावरून यकृत बिघडले असे समजू नका. यकृताच्याच तपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन तिपटीहून वर गेले तर मात्र औषध थांबवून विचार करावा लागतो. कोलेस्टेरॉलच्या मागे आत्ता लागू नये असे माझे मत आहे.

मघाशी सांगितलेले ते यकृतातले एन्झाइम इतर पुष्कळ औषधेही लवकर संपवते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा असर मायटोटेनमुळे घटतो, रिवारोक्साबॅन आणि अपिक्साबॅनचाही घटू शकतो, म्हणून गुठळी झाल्यास इंजेक्शनने देण्याचे हेपॅरिन बरे पडते. झोपेच्या, वेदनाशामक, रक्तदाबाच्या काही गोळ्या नेहमीच्या डोसात लागू पडत नाहीत. कुठलाही नवा डॉक्टर काही लिहून देऊ लागला की ‘मायटोटेन चालू आहे’ हे वाक्य आधी सांगा. एक सूचना तुमच्यासाठीही: या गोळ्या आईला देताना हातमोजे घाला. तुम्ही गरोदर असाल किंवा होण्याचा विचार असेल तर गोळ्या हाताळण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे द्या.

आता केमोबद्दल. तुम्ही औषधांची नावे लिहिली नाहीत, पण मायटोटेनच्या जोडीला बहुधा इटोपोसाइड, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन असणार, दर २८ दिवसांनी. ही निवड २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०४ रुग्णांच्या चाचणीवर उभी आहे. या चौघांच्या मेळाने २३ टक्के रुग्णांत गाठी ठळकपणे आक्रसल्या, स्ट्रेप्टोझोसिन हे दुसरे केमोचे औषध आणि मायटोटेन यांच्या जोडीने ९ टक्क्यांत. आजार पुढे न सरकण्याचा मध्यम काळ ५ महिने विरुद्ध २.१ महिने. एकूण आयुष्य मात्र १४.८ आणि १२ महिने, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. दुसऱ्या गटातल्या अनेकांना नंतर पहिली औषधे मिळाली हेही त्यामागे आहे. हे आकडे मी लपवत नाही, कारण तुम्ही ते कुठेतरी वाचणारच. पण ते मधोमधचे आकडे आहेत, म्हणजे निम्मे रुग्ण त्यांच्या पुढे जातात. याच आजारात काही जण वर्षानुवर्षे मायटोटेनवर स्थिर राहतात, तर काहींचा आजार कशालाच दाद देत नाही. गाठीच्या पेशी किती वेगाने विभागतात, म्हणजे केआय-६७ किती, आणि आजार किती अवयवांत आहे यावर बरेच ठरते.

सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांवर, कानांवर आणि हातापायांच्या नसांवर परिणाम करते. कानात गुंजारव, बोटांना मुंग्या आल्या तर तिसऱ्या फेरीआधी सांगा. ते मॅग्नेशियमही घालवते, आणि मॅग्नेशियम पडले की पोटॅशियम भरून येत नाही. झोक जाण्यामागे बोटांच्या बधिरपणाचाही हात असू शकतो, तो पाय तपासून कळतो. डॉक्सोरुबिसिनने एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसते. हृदयावरचा त्याचा परिणाम एकूण साठत जाणाऱ्या डोसावर अवलंबून असतो, म्हणून अधूनमधून इको करतात.

या सगळ्यांत घरच्यांनी पाठ करावी अशी गोष्ट तापाची आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की इतर कोणताही केमोचा रुग्ण जसा तातडीने रुग्णालयात जातो तसे जायचे, पण आईच्या बाबतीत एक पायरी जास्त आहे: ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनचा डोस लगेच दुप्पट-तिप्पट करायचा, नेमके किती ते आजच लिहून घ्या. निरोगी शरीर तापात आपोआप जास्त कॉर्टिसॉल बनवते, आईचे शरीर ते करू शकत नाही. उलट्या-जुलाबांत गोळी टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन लागते, शिरेत किंवा स्नायूत. ते घरी ठेवून द्यायला शिकता येते आणि तुम्ही शिकावे असा माझा आग्रह आहे. त्यांच्या पाकिटात एक कागद ठेवा: अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम करत नाही, मायटोटेन चालू आहे, बेशुद्ध असल्यास किंवा रक्तदाब पडल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम ताबडतोब, सोबत सलाइन. रात्रीच्या वेळी तातडीच्या विभागात असलेल्या नव्या डॉक्टरने हा आजार कधी पाहिलेला नसण्याची शक्यता फार मोठी आहे. दर वर्षी दहा लाखांत एक-दोन माणसांनाच तो होतो.

एवढे करूनही रक्तदाब पडलेला आणि पोटॅशियम चढलेले राहिले तर शरीरात मीठ धरून ठेवणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची छोटी गोळी जोडावी लागेल. हायड्रोकॉर्टिसोन पुरेसे झाले की मळमळ आणि भोवळ दोन-तीन दिवसांत हलकी व्हायला लागते. झाली, तर तुम्हाला आजाराचे आणि औषधाचे खरे चित्र पहिल्यांदाच दिसेल, आणि तिसरी फेरी सोसेल की नाही याचा निर्णय त्या चित्रावर घ्या, आजच्या अवस्थेवर नव्हे. दोन-तीन फेऱ्यांनंतर स्कॅन व्हायचाच असतो. आजार आटोक्यात असेल तर पुढे जायचे. वाढला असेल तर जेमसिटाबिन-कॅपेसिटाबिन, पेम्ब्रोलिझुमॅब, अलीकडे कॅबोझँटिनिब असे पर्याय आहेत, पण ते सरसकट लागू पडत नाहीत. पेम्ब्रोलिझुमॅबला छोट्या अभ्यासांत १४ ते २३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. गाठीच्या नमुन्यावर मिसमॅच रिपेअरची, म्हणजे पेशी डीएनएमधल्या चुका दुरुस्त करू शकतात का याची, तपासणी झाली नसेल तर ती मागा, त्यात दोष सापडला तर या औषधाची आशा वाढते आणि लिंच सिंड्रोम या आनुवंशिक कर्करोग-प्रवृत्तीच्या रूपाने तुमच्या भावंडांसाठीही ती माहिती मोलाची ठरते. कॅबोझँटिनिबसारखे औषध घ्यायचे तर चरबीत उरलेले मायटोटेन त्याची पातळी महिनोन्‌महिने खाली ठेवू शकते, म्हणून औषध बदलण्याआधी मायटोटेनची पातळी मोजून घ्यायला सांगा.

आणि कधीकाळी मायटोटेन पूर्ण थांबवायचे ठरलेच, तरी त्याच दिवशी हायड्रोकॉर्टिसोन थांबत नाही. ग्रंथी पुन्हा जागी व्हायला महिने, कधी वर्षे लागतात, काही जणांची होतच नाही. डोस उतरवायचा तो मायटोटेनची पातळी घसरत जाईल तसा, तपासण्या करत, डॉक्टरांच्या नजरेखाली.